देवस्थानातील सेवकवर्गाची रजा : हक्क, हिशेब व नोंदी

॥ श्री ॥



देवस्थानात जमाखर्चाचा प्रत्येक रुपया वहीत येतो. दानपेटी उघडताना पंच बसतात, अभिषेकाची पावती फाडली जाते, शिध्याच्या तांदळाचे मापही कोठीच्या वहीत चढते. सेवकांच्या रजेचा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी स्मरणावर चाललेला असतो. पुजारी, स्वयंपाकी, कोठीवाले, झाडलोट करणाऱ्या बाया, रात्रीचा पहारेकरी, कचेरीतील कारकून यांपैकी कोणाची किती रजा शिल्लक आहे असे विचारले, तर व्यवस्थापक अंदाजाने उत्तर देतात. सेवक सेवेत असेपर्यंत हे निभावते. तो सोडून गेला, निवृत्त झाला किंवा दिवंगत झाला म्हणजे अंदाजाचे रूपांतर वादात होते, आणि कागद नसल्यामुळे त्या वादात नुकसान बहुधा सेवकाचे होते. हुबळी-धारवाड परिसरातील न्यासांचे विश्वस्त, व्यवस्थापक आणि हिशेबनीस यांना उपयोगी पडेल अशी माहिती एकत्र असावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

रजा हा शब्द मराठीत अरबी भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ संमती, अनुज्ञा. कन्नडमध्येही थोड्या फरकाने हाच शब्द चालतो, त्यामुळे आपल्या दोन्ही भाषांच्या सेवकांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. परंतु त्या मूळ अर्थाची छाया कारभारावर अजून आहे. रजा म्हणजे मालकाने कृपेने दिलेली मोकळीक, ही समजूत जुन्या मंडळींमध्ये दृढ आहे. कायद्याने मात्र रजेला वेतनाचा भाग मानलेले आहे. कधी घ्यायची याला अनुज्ञा लागते. किती मिळायची हे केलेल्या कामाने ठरते. निवृत्तिवेतन, उपदान आणि शिल्लक रजेचे पैसे हे बक्षीस नसून कर्मचाऱ्याने मिळविलेली मालमत्ता आहेत, अशा आशयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने झारखंड राज्याच्या एका प्रकरणात २०१३ साली दिला. प्रकरण सरकारी कर्मचाऱ्याचे होते, तरी त्यातील दृष्टी आम्हांस सर्वत्र लागू वाटते.

कोणता कायदा?

धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे या भागातील अनेक जुने न्यास १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदले गेले आणि त्यांची दप्तरेही मराठीत सुरू झाली. दुकाने व व्यापारी आस्थापना यांच्याविषयीचा म्हैसूर राज्याचा अधिनियम १९६१ सालचा. राज्याचे नाव १९७३ मध्ये बदलल्यावर तोच कर्नाटक अधिनियम म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस वार्षिक पगारी रजा. त्याशिवाय आजार, अपघात किंवा अन्य वाजवी कारणासाठी वर्षाला बारा दिवसांपर्यंत पगारी रजा. आणि न वापरलेली वार्षिक रजा पुढील वर्षी ओढण्याची मुभा. ही मर्यादा पूर्वी तीस दिवसांची होती, ती २०२० च्या दुरुस्तीने पंचेचाळीस दिवसांची झाली. अनेक कचेऱ्यांतील छापील नियमावलीत अजून तीसच आहे, म्हणून मुद्दाम उल्लेख केला.

सणांच्या सुट्ट्यांसाठी १९६३ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे. त्यानुसार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर हे पाच दिवस ठरलेले, आणि त्यांखेरीज आणखी पाच सुट्ट्या. एकूण वर्षाला दहा.

केंद्राच्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही प्रमाण विसामागे एक हेच आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात ही रजा मिळण्यासाठी वर्षात २४० दिवस काम झालेले असावे लागे. संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. ही संहिता सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते.

आता विश्वस्तांचा नेहमीचा प्रश्न : देऊळ म्हणजे दुकान नव्हे, कारखाना नव्हे, मग हे कायदे आपल्याला का?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे एका ओळीत उत्तर नाही. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा २१ फेब्रुवारी १९७८ चा निकाल वाचण्याजोगा आहे. प्रकरण आपल्याच राज्यातले, बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाचे. उद्योग कशास म्हणावे हे ठरविताना सात न्यायमूर्तींच्या पीठाने निव्वळ आध्यात्मिक व धार्मिक सेवा बाजूला ठेवली. पण मोठ्या प्रमाणावर प्रसाद अथवा अन्न तयार करण्यासारखे काम उद्योगाच्या कक्षेत येऊ शकते, असे उदाहरणच दिले. म्हणजे गाभाऱ्यातील पूजेचा विचार वेगळा आणि लाडू वळणाऱ्या स्वयंपाकघराचा वेगळा. हा निकाल औद्योगिक विवादांच्या कायद्याविषयी होता, रजेच्या कायद्याविषयी नव्हे. त्याचा फेरविचार २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक वा लोकोपकारी सेवा हेच मुख्य कार्य असलेल्या संस्थांना उद्योगाच्या व्याख्येतून वगळले आहे. भक्तनिवास, भोजनालय, मंगल कार्यालय, पूजासाहित्याचे दुकान हे न्यासाचे विभाग मात्र दुकाने व आस्थापना कायद्याच्या अगदी उंबऱ्याशी उभे असतात. आपल्या न्यासाचा कोणता विभाग कशाखाली येतो, याचे उत्तर सल्लागार वकिलांकडून लेखी घेऊन दप्तरी ठेवावे.

आमचे मत याहून थोडे सोपे आहे. एकाच आवारात मंगल कार्यालयाच्या आचाऱ्याला रजा आणि महानैवेद्याच्या आचाऱ्याला नाही, असा भेद कोणत्याही न्यासाला शोभणारा नाही. विश्वस्त मंडळाने ठराव करून राज्याच्या कायद्यातील प्रमाण सर्व वेतनी सेवकांना सरसकट लागू करावे. कायदा लागू असेल तर त्याचे पालन होते. नसेल तर सेवकांना न्याय मिळतो आणि हिशेबनिसाला एकच वही पुरते. पाळीने पूजा करणारे वंशपरंपरागत पुजारी हे पगारपत्रकावर नसल्यास या हिशेबाबाहेर राहतात. त्यांच्या पाळीचे नियम वेगळे, त्यांचा विचार येथे केलेला नाही.

विसामागे एक, पण कशाच्या विसामागे?

येथे सर्वांत अधिक घोटाळा होतो. वर्षाचे ३६५ दिवस, त्यास विसाने भागले की सव्वाअठरा. म्हणून वर्षाला अठरा दिवस रजा, असे गणित अनेक ठिकाणी मांडलेले आढळते. अठरा देण्यास हरकत काहीच नाही, कारण ते कायद्यापेक्षा अधिक आहे. पण प्रमाण कामाच्या दिवसांवर आहे, पंचांगाच्या दिवसांवर नाही. साप्ताहिक सुट्टी, सणाची सुट्टी आणि घेतलेली रजा वजा करून जे उरतात, ते कामाचे दिवस.

२०२५ चे उदाहरण घेऊ. एका स्वयंपाक्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी आहे. (देवळात रविवारची सुट्टी चालत नाही, आणि दत्ताच्या देवळात गुरुवारची तर नाहीच.) त्या वर्षी मंगळवार ५२ आले. ३६५ मधून ५२ गेले, ३१३ राहिले. सणांच्या व राष्ट्रीय सुट्ट्या १० वजा करता ३०३. त्याने त्या वर्षी मागील शिलकीतून ९ दिवस हक्काची रजा घेतली आणि ३ दिवस आजारपणाची. उरले २९१ दिवस. २९१ भागिले २० म्हणजे १४.५५. अर्धा किंवा अधिक अपूर्णांक पूर्ण दिवस धरावा आणि अर्ध्याहून कमी सोडावा, हा दंडक कारखाना अधिनियमापासून चालत आलेला आहे. त्याप्रमाणे १५ दिवस त्याच्या खात्यावर जमा होतील.

अपूर्णांकाची ही काटछाट वर्षातून एकदाच करावी, महिन्याला नव्हे. समजा, प्रत्येक महिन्यात २४ दिवस काम झाले. महिन्याची रजा १.२ दिवस होते. पगारपत्रक करणाऱ्याने दरमहा वरचे दोन दशांश सोडून एकच दिवस जमा केला, तर वर्षाअखेर खात्यावर १२ दिवस दिसतील. कामाचे दिवस एकत्र केले तर २८८, आणि त्यांची रजा १४. दोन दिवस नाहीसे झाले, आणि कोणी ते हेतुपुरस्सर काढून घेतलेले नाहीत. संगणकावरील तक्त्यात हा दोष विशेष आढळतो, कारण तक्ता करणारा रकान्यात पूर्णांकच ठेवतो आणि पुढे तो तक्ता वर्षानुवर्षे तसाच उतरविला जातो. म्हणून दरमहा रजेऐवजी कामाचे दिवस लिहावेत आणि भागाकार डिसेंबरअखेर करावा.

वरील उदाहरणात ९ दिवस रजा वजा झाली, तिचीही फोड सांगतो. स्वयंपाकी ६ नोव्हेंबर ते १५ नोव्हेंबर २०२५ असे दहा दिवस गावी गेला होता. त्यात ११ तारखेचा मंगळवार त्याच्या सुट्टीचा. रजेच्या मध्ये अथवा टोकांना येणारी सुट्टी रजेत मोजावयाची नाही, म्हणून खात्यातून दहा नव्हे, नऊ दिवस वजा झाले.

आपल्या अनेक विश्वस्तांना हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे. हुबळी हे रेल्वेचे गाव. नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय २००३ पासून येथे आहे आणि कार्यशाळा त्याच्याही कितीतरी आधीची. धारवाडला विद्यापीठ व सरकारी कचेऱ्या. निवृत्त होऊन न्यासाच्या सेवेला लागलेली बरीचशी मंडळी या दोन व्यवस्थांत वाढलेली. तेथे पूर्ण पगारी रजा वर्षाला तीस दिवस. १ जानेवारीस पंधरा व १ जुलैस पंधरा अशी आगाऊ जमा होते, तीनशे दिवसांपर्यंत साठते, आणि रजेच्या मध्ये आलेला रविवार रजेतच मोजला जातो. ती व्यवस्था स्वतःच्या जागी सुसंगत आहे. दोन व्यवस्थांतील सोयीचे तेवढे उचलून मिश्रण केले, म्हणजे बिघाड होतो. रजा विसामागे एक या कमी प्रमाणात द्यावयाची आणि मधले मंगळवार मात्र रेल्वेप्रमाणे कापावयाचे, हे सेवकावर दुहेरी ओझे आहे.

सव्वीस की तीस?

मासिक पगार घेणारा सेवक पगारी रजेवर गेला तर काही गणित लागत नाही. पगार चालू राहतो. एका दिवसाचे वेतन काढण्याची वेळ येते ती बिनपगारी रजा कापताना, सणाच्या दिवशी काम घेतल्यास जादा वेतन देताना, आणि शिल्लक रजेचे पैसे देताना. मासिक वेतन १५,६०० रुपये असेल तर २६ ने भागून दिवसाचे ६०० रुपये, ३० ने भागून ५२० रुपये. सेवा सोडणाऱ्या सेवकाची ३२ दिवस रजा शिल्लक असेल तर पहिल्या रीतीने १९,२०० रुपये आणि दुसऱ्या रीतीने १६,६४० रुपये. फरक २,५६० रुपयांचा. झाडलोट करणाऱ्या बाईच्या घरात ही रक्कम लहान नाही.

आमचा कौल २६ ला आहे आणि त्याचे कारण वरच आले आहे. आपल्या रजेत साप्ताहिक सुट्टी मोजली जात नाही, म्हणजे रजेचा प्रत्येक दिवस हा कामाचाच दिवस असतो, आणि महिन्यात कामाचे दिवस साधारण २६. उपदानाच्या कायद्यातही पंधरा दिवसांचे वेतन काढताना २६ हाच भाजक आहे. सरकारी नोकरीत रजेच्या पैशांसाठी ३० चा भाजक वापरतात, कारण तेथे रविवारही रजेत जमेस धरलेला असतो. मोजणी आणि भाजक यांची जोडी जुळली पाहिजे. बिनपगारी रजा २६ ने कापावयाची आणि रोखीकरण ३० ने करावयाचे, ही पद्धत आढळल्यास लेखापरीक्षकांनी आक्षेप घ्यावा.

सणाचे दिवस

देवस्थानाची अडचण इतर आस्थापनांहून उलटी आहे. ज्या दिवशी गाव सुट्टीवर, त्या दिवशी आपल्याकडे रांग. महाशिवरात्र, हुबळीतील गणेशोत्सवाचे अकरा दिवस, नवरात्र यांत कोणालाही सोडता येत नाही. १९६३ च्या कायद्याची रीत अशी की, सुट्टीच्या दिवशी काम घेतल्यास दुप्पट वेतन द्यावे, अथवा त्या दिवसाचे वेतन देऊन बदली सुट्टी द्यावी. देवळात दुसरा मार्ग अधिक रूढ आहे. पण बदली सुट्टी तोंडी राहते, पुढे ढकलली जाते, आणि पुढचा उत्सव आला की विसरली जाते. नोंदवहीत तिच्यासाठी स्वतंत्र रकाना असावा. हक्काच्या रजेत ती मिसळू नये. ठरावीक मुदतीत, उदाहरणार्थ दोन महिन्यांत, ती दिली गेली नाही तर जादा वेतन आपोआप पगारपत्रकात चढावे, असा ठराव केल्यास कोणालाच आठवण द्यावी लागत नाही.

पाच सणांची निवड वर्षारंभापूर्वी पंचांग समोर ठेवून, सेवकांना विचारून करावी. २०२५ मध्ये विजयादशमी २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीच्याच दिवशी आली. ज्यांनी सवयीने विजयादशमी पाचांत धरली, त्यांच्या सेवकांची एक सुट्टी बुडाली. ज्यांनी पंचांग पाहिले, त्यांनी १ ऑक्टोबरची आयुधपूजा धरली. साप्ताहिक सुट्टीशी गाठ पडणारे सणही असेच आधी पाहून ठेवावेत. हुबळीत रंगपंचमीला सारी बाजारपेठ रंगात असते आणि सेवक कामावर येणे कठीणच जाते, तेव्हा तो दिवस यादीत धरणे व्यवहाराला धरून होईल.

अधिक मासाचे प्रकरण वेगळे. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ चा अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात अनुष्ठाने, दाने, भोजने यांची गर्दी असल्याने रजेचे अर्ज सहसा नामंजूर होतात. नामंजूर करणे व्यवस्थापकाच्या अधिकारात आहे. परंतु अर्ज लेखी घ्यावा आणि नामंजुरीही लेखी द्यावी. मागितलेली आणि नाकारलेली रजा ही पुढे ओढण्याच्या मर्यादेत मोजली जाऊ नये, असे तत्त्व नव्या संहितेत स्पष्ट आहे. कागद नसेल तर वर्षाअखेर तीच रजा मर्यादेबाहेर गेली म्हणून बुडते, आणि देवाच्या कामासाठी थांबलेला माणूस देवाच्याच दारात तोट्यात जातो.

सोयर-सुतक

ज्याविषयी कोणत्याही कायद्यात, कोणत्याही छापील नियमावलीत उत्तर सापडत नाही, असा हा विषय आहे. पुजाऱ्याला किंवा सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्याला घरात मृत्यू झाला की दहा दिवस, दूरच्या नात्यात तीन दिवस, देवळाचे काम करता येत नाही. जननाशौचाचेही तसेच. हे दिवस कोणत्या खात्यात लिहावयाचे?

बहुतेक ठिकाणी ते हक्काच्या रजेतून कापतात. वरील उदाहरणातील स्वयंपाक्याची वर्षाची कमाई १५ दिवस. कुटुंबात एक मृत्यू व एक जन्म झाला की २० दिवस गेले. शिल्लक संपली, उरलेले दिवस बिनपगारी झाले, आणि पुढे मुलीच्या लग्नाला मागण्यासारखी रजाच राहिली नाही. विस्तृत भाऊबंदकी असलेल्या घरात हे एखाद्या वर्षी सहज घडते.

आम्हांस हे योग्य वाटत नाही. हक्काची रजा ही विश्रांतीसाठी, स्वतःच्या इच्छेने घ्यावयाची असते. अशौचातील माणूस स्वेच्छेने घरी बसलेला नाही. देवस्थानाने पाळलेल्या आचारामुळे तो येऊ शकत नाही. जो आचार संस्थेचा, त्याचा भार संस्थेने उचलावा. कचेरीतील कारकून त्याच काळात तिसऱ्या-चौथ्या दिवशी कामावर येतो, त्याची रजा वाचते आणि पुजाऱ्याची संपते, हा भेद केवळ कामाच्या स्वरूपातून आलेला आहे. तेव्हा ज्यांचे काम अशौचामुळे खरोखर थांबते, अशा सेवकांसाठी अशौच रजा या नावाने स्वतंत्र पगारी रजा ठरावाने मंजूर करावी. तिला वर्षाची मर्यादा घालण्यास हरकत नाही. वीस दिवस ही मर्यादा आम्हांस पुरेशी वाटते. ती साठू नये, तिचे पैसे मिळू नयेत. मर्यादेपलीकडे गेल्यास प्रथम राज्याच्या कायद्यातील बारा दिवसांची आजार व वाजवी कारणाची रजा वापरावी. घरातील मृत्यूहून अधिक वाजवी कारण कोणते असणार? हक्काच्या रजेला हात लावण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी, तीही सेवकाने लेखी मागितल्यास.

यावर एक शंका विश्वस्तांकडून येते की, सुतकाचे निमित्त सांगून कोणी गैरफायदा घेईल. आमच्या पाहण्यात, पुजारी घराण्यांत सुतक लपविण्याचा मोह अधिक असतो, कारण पगार कापला जाण्याची भीती असते. पगार चालू राहणार असेल तर आचारही नीट पाळला जाईल.

स्त्री सेवकांच्या बाबतीत प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आहे, आणि ती वर्षातील कामाच्या पात्रतेसाठी मोजली जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासिक पाळीसाठी महिन्याला एक दिवस पगारी रजेचे धोरण मंजूर केले. देवस्थानात अनेक स्त्रिया त्या दिवसांत आवारात येत नाहीत आणि त्यांचे दिवस मुकाट्याने बिनपगारी लिहिले जातात. अशौच रजेचे तत्त्व येथेही तंतोतंत लागू पडते.

नोंदवही व वर्षाअखेर

प्रत्येक सेवकाचे एक पान. वरती नाव, रुजू झाल्याचा दिनांक, साप्ताहिक सुट्टीचा वार. खाली महिनावार कामाचे दिवस, हक्काच्या रजेची सुरुवातीची शिल्लक, घेतलेली, नाकारलेली, बदली सुट्टी देय व दिलेली, आजाराची, अशौचाची, बिनपगारी. हजेरीपटावरून हे पान दरमहा पगारपत्रक करण्याच्या आदल्या दिवशी भरावे, पगार वाटल्यानंतर नव्हे. वर्षातून दोनदा सेवकाला पान दाखवून सही किंवा अंगठा घ्यावा. आपले बरेच सेवक कन्नड भाषक आहेत; त्यांचे पान कन्नडमध्ये असावे. ज्याला वाचता येत नाही त्या खात्यावरची सही ही सही नव्हे.

रजेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि न्यासाच्या हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च, यामुळे ताळेबंदात ही देणी दिसतच नाहीत. ३१ मार्चला प्रत्येक पानावरील शिल्लक दिवस आणि त्या सेवकाचे दिवसाचे वेतन यांचा गुणाकार करून बेरीज घ्यावी. आठ सेवकांची मिळून २१० दिवस शिल्लक आणि दर ६०० रुपये असेल तर न्यासावर १,२६,००० रुपयांचे देणे आहे. तेवढी तरतूद ताळेबंदात असली म्हणजे सेवक निवृत्त होताना अन्नदान निधीकडे पाहावे लागत नाही.

ज्या न्यासात आजवर वहीच नव्हती, तेथे सुरुवातीची शिल्लक ठरविणे हे कठीण काम असते. जुने हजेरीपट सापडतील तितक्या वर्षांचे कामाचे दिवस काढावेत, घेतलेली रजा वजा करावी आणि पंचेचाळीस दिवसांच्या मर्यादेत आकडा बसवावा. हजेरीपट नसल्यास व्यवस्थापक, एक विश्वस्त आणि स्वतः सेवक यांनी एकत्र बसून आकडा ठरवावा व तिघांनी सही करावी. संशय राहील तेथे दिवस सेवकाच्या बाजूने धरावा, कारण कागद ठेवण्याची जबाबदारी त्याची नव्हती. सेवेत असताना निधन पावलेल्या सेवकाच्या शिल्लक रजेचे पैसे त्याच्या वारसांना द्यावयाचे असतात. नव्या संहितेत त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. म्हणून वारसाचे नाव पानाच्या माथ्यावर, रुजू झाल्याच्या दिवशीच लिहून घ्यावे.